सागराच्या उष्णतेचे हेलकावे आणि सिन्नरचा पाऊस

(कृषी अधिकारी, सिन्नर, जि. नाशिक)

सिन्नर तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरी येथे वर्षाकाठी ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आत असलेल्या सिन्नर येथे हेच मान ५०० मि.मी.च्या आसपास येते. आणि वावी-पाथरेच्या बाजूस पूर्वेकडे जावे तसतसा पाऊस अधिकच बेभरवशाचा होत जातो. ज्या भागात मुळातच पाऊस थोडा, तेथे त्यात झालेली किंचित घटही पिकाच्या मुळावर येते. इगतपुरीस शंभर मि.मी. पाऊस कमी पडला तर भाताचे फारसे बिघडत नाही. सिन्नरच्या पूर्व भागात तेवढाच कमी पडला तर बाजरी निसवण्यापूर्वीच करपते व उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते.

सप्टेंबर २०२२ च्या आरंभी सिन्नर शहरात अतिवृष्टी होऊन नदीस पूर आला व घरादुकानांत पाणी शिरले. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, राज्य शासनाने जे ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, त्यांत सिन्नरचा समावेश होता. एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंतचा हा चढउतार आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु याहून संथ असा आणखी एक चढउतार असतो. तो दहा, वीस, तीस वर्षांच्या अवधीत घडतो व म्हणून सहसा ध्यानात येत नाही. गावातील वृद्ध शेतकरी म्हणतात की, बरी वर्षे आली म्हणजे ती ओळीने येतात आणि वाईट वर्षेही एकामागून एक येतात. पावसाच्या दीर्घकालीन नोंदी पाहता या म्हणण्यात बरेच तथ्य असल्याचे आढळून येते. असे का होते, आणि त्याचा विहीर, फळबाग व वैरण यांच्या नियोजनाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुद्र हे उष्णतेचे कोठार

हिवाळ्यात पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते व उन्हाळ्यात भर दुपारी तेच गार लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. पाणी हवेप्रमाणे लवकर तापत नाही व लवकर निवतही नाही. एक घनमीटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, ती एक घनमीटर हवेस लागणाऱ्या उष्णतेच्या तीन हजार पटींहून अधिक असते. समुद्राने पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग व्यापला असून त्याची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरांहून जास्त आहे. त्याच्या केवळ वरच्या अडीच-तीन मीटरांच्या थरात, म्हणजे पुरुषभर-दीडपुरुष पाण्यात, जेवढी उष्णता मावते तेवढीच पृथ्वीभोवतीच्या संपूर्ण वातावरणात मावते. यावरून समुद्र हा उष्णतेचा केवढा मोठा साठा आहे याची कल्पना येईल. मानवाच्या कृतीमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकून राहत आहे, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्रानेच पोटात घेतला आहे.

ही उष्णता समुद्रातून हवेत मुख्यतः बाष्पीभवनाच्या वाटेने जाते. माठातील पाणी गार का राहते? माठाच्या अंगावरून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी माठाची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याला उकळी आणण्यास जी उष्णता लागते, तिच्या सात-आठ पट उष्णता तेवढ्याच पाण्याची वाफ होताना खर्ची पडते. समुद्रावरून उठलेल्या वाफेत ही उष्णता दडलेली असते. वाफेचे ढग होऊन पाऊस पडतो त्या वेळी ती हवेत मोकळी होते, हवा तापून वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी आणखी ओलसर हवा धावून येते. आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांना बळ मिळते ते काही अंशी याच क्रियेने. म्हणजे पावसाबरोबर समुद्राचे पाणी येते, तशीच समुद्राची उष्णताही येते.

वारा आणि पाणी यांची देवघेव

समुद्र वाऱ्याला उष्णता देतो. वारा समुद्राचे पाणी ढकलतो. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालतो, आणि पावसाचे अनेक चढउतार त्यातूनच उत्पन्न होतात.

विषुववृत्ताजवळ प्रशांत महासागरावर वारे सामान्यतः पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. त्यांच्या रेट्याने वरचे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूस साचते. तेथील समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. काही वर्षी हे वारे मंदावतात आणि साचलेले उबदार पाणी पूर्वेकडे सरकते. ढगांचे मुख्य क्षेत्रही त्याबरोबर सरकते आणि भारतावर हवा खाली उतरण्याची प्रवृत्ती वाढून पावसात अडथळा येतो. या स्थितीला पेरू देशाच्या कोळ्यांनी दिलेले ‘एल निनो’ हे नाव रूढ झाले आहे. याच्या उलट स्थितीस ‘ला निना’ म्हणतात. सर्वसाधारणपणे दोन ते सात वर्षांच्या अंतराने ही स्थिती येते.

या संशोधनात भारतातील वेधशाळांचा वाटा मोठा आहे. भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर लगेच १८७६ ते १८७८ या वर्षांत दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, आणि पावसाचा अंदाज आधी बांधता येईल काय या प्रश्नाला निकड आली. १९०४ ते १९२४ या काळात या खात्याचे प्रमुख असलेले सर गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या वेधशाळांतील हवेच्या दाबाचे आकडे ताडून पाहिले. प्रशांत महासागराच्या दोन बाजूंचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो असे त्यांना आढळले. या हेलकाव्याचा समुद्राच्या तापमानाशी असलेला संबंध याकोब बियर्कनेस यांनी १९६९ मध्ये उलगडून दाखविला.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अगत्याचे आहे. एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच, असे नाही. १९७२ व २०१५ मध्ये तो आला व देशात अवर्षण पडले; २०२३ मध्येही तो होता व देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या ९४ टक्के झाला. परंतु १९९७ मध्ये प्रबळ एल निनो असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराच्या पश्चिम भागातील पाणी पूर्व भागापेक्षा अधिक उबदार होते व ती स्थिती आपल्या पावसास अनुकूल ठरली. सारांश, पावसाचा संबंध एकाच नव्हे, तर अनेक समुद्रांशी आहे.

दशकांचे हेलकावे

एल निनो वर्षभरात ओसरतो. मग चांगल्या-वाईट वर्षांच्या रांगा का लागतात? याचे उत्तर समुद्राच्या खोल थरांत आहे. हिवाळ्यात वारा व थंडी यांमुळे समुद्राचे पाणी शंभर मीटर वा त्याहूनही खोलवर घुसळले जाते. उन्हाळ्यात वरच्या थरावर उबदार पाण्याचे झाकण बसते व खालचे पाणी आपली ऊब वा गारवा तसाच राखून ठेवते. पुढच्या हिवाळ्यात घुसळण झाली की तो पुन्हा वर येतो. याखेरीज समुद्राच्या पोटातील काही लाटा इतक्या मंद असतात की, एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पोहोचण्यास त्यांना अनेक वर्षे लागतात. वारा कालचे विसरतो. समुद्र मात्र गेल्या दशकाची आठवण धरून असतो.

उत्तर प्रशांत महासागरात असा दीर्घ हेलकावा आढळतो. तो प्रथम स्पष्टपणे ध्यानात आला तो माशांमुळे. अलास्का व त्याच्या दक्षिणेकडील अमेरिकेचा किनारा येथील सामन माशांची आवक काही दशके वाढते व काही दशके घटते, असे दिसून आल्यावर शास्त्रज्ञांनी समुद्राच्या तापमानाशी तिचा मेळ घातला, आणि १९९७ च्या सुमारास ‘प्रशांत दशकीय आंदोलन’ हे नाव प्रचारात आले. अमेरिकेच्या बाजूचे पाणी १९२५ ते १९४६ या काळात एकंदरीत उष्ण, १९४७ ते १९७६ या काळात शीत आणि १९७७ पासून १९९८ पर्यंत पुन्हा उष्ण राहिले. त्यानंतर बहुतेक काळ शीत टप्प्याचा असून मध्यंतरी २०१४ ते २०१६ च्या सुमारास तो उष्ण झाला होता.

उत्तर अटलांटिक महासागरातही असाच, किंबहुना अधिक लांबीचा हेलकावा दिसतो. १९३० च्या सुमारापासून १९६० नंतरच्या काही वर्षांपर्यंत तो समुद्र उबदार होता. पुढे १९९५ च्या सुमारापर्यंत थंड राहिला व त्यानंतर पुन्हा उबदार झाला. हा हेलकावा सर्वस्वी समुद्राच्या स्वतःच्या गतीचा आहे की कारखान्यांचा धूर व ज्वालामुखींची धूळ यांचाही त्यात हात आहे, याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु समुद्राचे तापमान या क्रमाने बदलले, ही प्रत्यक्ष नोंद आहे.

आपल्या पावसाशी यांचा संबंध पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत अभ्यासला गेला आहे. ही संस्था १९६२ मध्ये स्थापन झाली. अटलांटिक उबदार असता आशिया खंडावरील वरच्या थरातील हवा अधिक तापते व मोसमी वाऱ्यांचा जोर टिकण्यास मदत होते. प्रशांत महासागर उष्ण टप्प्यात असताना एल निनो आला, तर अवर्षणाची शक्यता वाढते. येथे ‘शक्यता’ हा शब्द महत्त्वाचा आहे. १९७२ चा दुष्काळ शीत टप्प्यात पडला व १९९७ चे बरे वर्ष उष्ण टप्प्यात आले, हे विसरू नये. दीर्घ हेलकावा एखाद्या वर्षाचे भविष्य सांगत नाही. बऱ्या व वाईट वर्षांचे प्रमाण मात्र तो बदलतो.

पावसाच्या नोंदी काय सांगतात

हे प्रमाण किती बदलते, हे देशाच्या नोंदींवरून स्पष्ट होते. १९३१ ते १९६० या तीस वर्षांत संपूर्ण देशाच्या दृष्टीने अवर्षणाची वर्षे दोनच आली, ती १९४१ व १९५१ ही होत. पुढील तीस वर्षांत, म्हणजे १९६१ ते १९९० मध्ये, अशी दहा वर्षे आली: १९६५, १९६६, १९६८, १९७२, १९७४, १९७९, १९८२, १९८५, १९८६ व १९८७. जो शेतकरी १९६० मध्ये आपल्या तीस वर्षांच्या अनुभवावर विसंबून होता, त्याच्या मुलाच्या वाट्यास अगदी निराळा काळ आला.

यामुळे ‘सरासरी’ पाऊस हा आकडादेखील स्थिर राहत नाही. हवामान खाते पूर्वी १९६१ ते २०१० या पन्नास वर्षांवरून देशाचा सरासरी मोसमी पाऊस ८८०.६ मि.मी. धरीत असे. २०२२ मध्ये १९७१ ते २०२० या वर्षांवरून तो ८६८.६ मि.मी. ठरविण्यात आला. बारा मि.मी.ची ही घट किरकोळ वाटेल. परंतु एक मि.मी. पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी, हे ध्यानात घेतले तर बारा मि.मी. म्हणजे दर एकरी दहा हजार लिटरचे जवळजवळ पाच टँकर होतात. या घटीचे कारण मुख्यतः कोरड्या व ओल्या कालखंडांचा नैसर्गिक क्रम हे होय, असे खात्याने त्या वेळी स्पष्ट केले. खात्याच्या म्हणण्याप्रमाणे सध्याचा कोरडा कालखंड १९७१-८० या दशकापासून सुरू झाला. २०११-२० या दशकाची सरासरी दीर्घकालीन मानापेक्षा ३.८ टक्क्यांनी कमी होती. २०२१-३० मध्ये ती सामान्याच्या जवळ येईल व २०३१-४० पासून ओला कालखंड लागेल, अशी अपेक्षा आहे.

ही अपेक्षा वाचून कोणी निर्धास्त होऊ नये. एक तर हे आकडे सबंध देशाचे आहेत. पर्जन्यछायेतील एखाद्या तालुक्याचा पाऊस त्याच मापाने चालेल असे नाही. दुसरे असे की, नैसर्गिक हेलकाव्यावर आता तापमानवाढीचा भार पडला आहे. १९५१ ते २०१५ या काळात उष्ण कटिबंधातील हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंश सेल्सिअसने वाढले. १९५१-८० च्या तुलनेत १९८१-२०११ या काळात पावसाळ्यातील कोरड्या खंडांची वारंवारता २७ टक्क्यांनी अधिक आढळली, आणि दुसरीकडे मुसळधार पावसाचे प्रसंगही वाढले. तेव्हा उद्या एकूण पाऊस वाढला तरी तो थोड्या दिवसांत कोसळेल व मध्ये पिकाला ताण बसेल, हा धोका कायम आहे.

सिन्नरच्या खडकाची स्मृती एका वर्षाची

समुद्र दशकांची उष्णता साठवून ठेवतो. आपली जमीन पाणी किती दिवस साठवू शकते? सिन्नर तालुक्याखाली काळा कातळ आहे. त्यात पाणी राहते ते भेगांत व झिजलेल्या मुरमाच्या थरात. ते मान थोडे असते. पाऊस चांगला झाला की विहिरी लवकर भरतात. पण उपसा चालू राहिला तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या तळ गाठतात. चांगल्या दशकाची शिल्लक वाईट दशकासाठी या खडकात राहत नाही.

म्हणूनच खरा धोका चांगल्या वर्षांच्या रांगेत निर्माण होतो. तीन-चार वर्षे विहिरींना पाणी टिकले की नवीन विहिरी व कूपनलिका घेतल्या जातात, कर्ज काढून डाळिंब वा द्राक्षाची बाग लावली जाते, उन्हाळी भाजीपाल्याचे क्षेत्र वाढते. विहीर, बाग व कर्ज यांचे आयुष्य दहा-वीस वर्षांचे. त्यांचा निर्णय मात्र तीन वर्षांच्या पावसावरून होतो. पुढे हेलकावा फिरला की बाग वाचविण्यासाठी टँकर आणावा लागतो, आणि अखेर बाग जाते व कर्ज उरते. २०२३ मध्ये देशात सरासरीच्या ९४ टक्के व २०२४ मध्ये १०८ टक्के पाऊस झाला. एका बऱ्या वर्षाने कालखंड पालटला असे मानणे धोक्याचे आहे.

यास्तव शेतकरी बंधु-भगिनींनी आपले निर्णय दोन भागांत विभागावेत.

एका हंगामाचे निर्णय: कोणते पीक, किती क्षेत्र, केव्हा पेरणी, यासाठी हवामान खात्याच्या एप्रिल व मे अखेरच्या अंदाजांचा आणि प्रत्यक्ष पडलेल्या पावसाचा आधार घ्यावा. हलक्या व मध्यम जमिनीत बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ घ्यावी. एका पिकास खंडाचा फटका बसला तर दुसरे हाती लागते. पाऊस फार लांबला तर बाजरीचा आग्रह न धरता सूर्यफूल, एरंडी वा हुलगा यांचा विचार करावा, आणि भारी जमीन रब्बी ज्वारीसाठी राखावी.

अनेक वर्षांचे निर्णय: विहीर, फळबाग, शेततळे व जनावरांची संख्या यांचा हिशेब चांगल्या वर्षावरून मांडू नये. आठवणीतल्या सर्वांत वाईट वर्षी मे महिन्यात आपल्या विहिरीत जेवढे पाणी होते, तेवढ्यावर जगू शकेल एवढीच बाग लावावी. शेततळे पावसाच्या वाहत्या पाण्याने भरावे. विहिरीचे पाणी उपसून तळ्यात साठविले तर पाण्यात भर पडत नाही. शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी आपल्या तळ्यात येते व उन्हात त्याची वाफ होते, एवढेच. बऱ्या वर्षाचा कडबा व सरमाड सर्व न विकता निदान पुढच्या एका पावसाळ्यापुरती वैरण गंजी घालून राखून ठेवावी. बांधबंदिस्ती, उताराला आडवी मशागत आणि नाल्यांतील व देव नदीवरील जुन्या बंधाऱ्यांची व पाटांची दुरुस्ती ही कामे बऱ्या वर्षांतच उरकून घ्यावीत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात हजारो हातांनी पाझर तलाव व बांध घातले. पण ते पोटासाठी, दुष्काळ आल्यावर. तेच काम आधी झालेले असले तर पहिल्याच पावसापासून उपयोगी पडते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी एक उपक्रम

समुद्राच्या पोटात आज काय चालले आहे हे पाहण्यासाठी जगातील महासागरांत सुमारे चार हजार स्वयंचलित तरंगयंत्रे सोडलेली असून ती दोन हजार मीटर खोलीपर्यंतचे तापमान मोजतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या कामात सहभागी आहे. जी शिस्त समुद्रासाठी, तीच गावासाठी हवी. त्यासाठी पुढीलप्रमाणे काम करावे.

१. तहसील कार्यालयातून तालुक्याच्या वा मंडळाच्या वार्षिक पावसाचे आकडे मिळतील तितक्या मागील वर्षांपासून मिळवावेत. तीस वर्षांहून कमी असू नयेत.

२. मोठ्या कागदावर प्रत्येक वर्षासाठी पावसाच्या मापाने एक उभा पट्टा काढावा. सर्व वर्षांच्या सरासरीची आडवी रेघ ओढावी.

३. पहिल्या दहा वर्षांची सरासरी काढावी. मग पहिले वर्ष सोडून अकरावे घ्यावे व पुन्हा सरासरी काढावी. असे शेवटपर्यंत करीत जावे व ते बिंदू जोडावेत. दीर्घ हेलकावा असल्यास या रेघेत दिसेल.

४. त्याच कागदाखाली, गावात विहिरी, कूपनलिका व बागा कोणत्या वर्षी वाढल्या आणि टँकर कोणत्या वर्षी लागले, हे वृद्ध शेतकऱ्यांना विचारून लिहावे.

५. हा तक्ता ग्रामपंचायतीत लावावा व पिकांचे आणि पाण्याचे नियोजन ठरविण्याच्या ग्रामसभेत तो सर्वांसमोर वाचावा.

६. गावातील चार-पाच विहिरींची पाणीपातळी ऑक्टोबर व मे अखेर दोरीने मोजून दरवर्षी नोंदवावी.

प्रशांत वा अटलांटिक महासागराचे तापमान बदलणे आपल्या हाती नाही. परंतु बरा काळ कायमचा नसतो, तसाच वाईट काळही कायमचा नसतो, एवढे त्या समुद्रांच्या नोंदींवरून निश्चित कळते. बऱ्या काळात हात आवरून खर्च करावा, बांध व वैरण यांची तयारी ठेवावी, आणि निर्णयापूर्वी तीन वर्षांऐवजी तीस वर्षांचा कागद पाहावा. थोड्या पावसाच्या तालुक्यात शेती टिकवून धरण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.